दगडोबाची रिकामी फाइल

(लातूर. डाळमिलांच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर सांभाळणारं दोन टेबलांचं ऑफिस. सकाळ.)

लुंबिनी : पण काका, पावतीची छपाई 'मुखेड' नावाच्या फोल्डरात कशाला?

आनंदराज : छपाई पहिल्यांदा अडली मुखेडच्या मिलवर. तिथंच बसून कोड लिवला. गाव आठवलं की कोड सापडतो. एकोणीस वर्षं झाले, सापडायलाय की!

लुंबिनी : तुम्हाला सापडतो. वजन 'किल्लारी'त, लॉगिन 'निलंग्या'त. मी काय एसटीचं वेळापत्रक पाठ करू?

आनंदराज : अडलं तर फोन कर.

लुंबिनी : सोमवारी तुमचं बायपास. आयसीयूत फोन करू? म्हणून तर मी कामाप्रमाणं फोल्डर लावले. छपाईचं छपाईत, वजनाचं वजनात. सकाळीच औशाच्या मिलच्या कॉम्प्युटरवर चढवलंसुद्धा.

आनंदराज : मला न इचारता?

लुंबिनी : विचारलं असतं तर 'दिवाळीनंतर बघू' म्हणाला असतात. तीन दिवाळ्या झाल्या. थांबा, औशाच्या काट्यावरूनच फोन, स्पीकरवर टाकते. बोला वर्षाराणीताई.

वर्षाराणी : काय करून ठिवलाव ताई? काटा उघडंना! नऊ गाड्या उभ्या हायत, ड्रायव्हर माझ्या नावानं बोंबलायलेत.

लुंबिनी : एरर काय येतोय?

वर्षाराणी : काहीच न्हाई. नुसता पांढरा पडदा.

आनंदराज : लुंबिनी, 'दगडोबा' कुठं हाय?

लुंबिनी : ती रिकामी फाइल? काढून टाकली.

आनंदराज : आत्ता गं माझे माय! दगडोबा मुकादम आपलं पहिलं गिऱ्हाईक. नारळ फोडल्याबिगर काटा सुरूच करू देईना. म्हणून प्रोग्रामात नारळाच्या जागी त्याच्या नावाची फाइल ठिवली. प्रोग्राम आधी तिला बघतो, मगच काटा उघडतो.

लुंबिनी : काका, आपल्या बौद्धाच्या प्रोग्रामात नारळ?

आनंदराज : गिऱ्हाइकाचा नारळ, आपलं काय जातंय? टाक लवकर परत.

लुंबिनी : टाकली. ताई, बघा आता.

वर्षाराणी : उघडला! ए, घ्या रे गाडी काट्यावर! ठिवते ताई.

आनंदराज : बघितलंस? म्हातारा लागतोच.

लुंबिनी : हेच म्हणते मी. हे लिहिलेलं कुठं होतं? नुसतं तुमच्या डोक्यात. हाच फोन मंगळवारी आला असता तर?

आनंदराज : खरं हाय तुझं. लाव तुझ्या पद्धतीनं, चाळीसही मिलांवर. असं आनखी काय काय दडवून ठिवलंय ते सांगतो, लिहून घे.

लुंबिनी : मग तोंड का पाडलंत? ऑपरेशनची भीती वाटते?

आनंदराज : ऑपरेशनची न्हाई गं. दिवसाला वीस फोन येतेत मला. समद्यांला समदं सापडायला लागलं, तर परत आल्यावर मला फोन कोन करंल?

लुंबिनी : मी करीन. रोज.

आनंदराज : आन् इचारशील काय?

लुंबिनी : जेवलात का, एवढंच.