टेबलाची हाक

(फोनवर. एका टोकाला ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या वॉर्लपिरी आदिवासींच्या वस्तीची शाळा, दुसऱ्या टोकाला डार्विनचं मदतकेंद्र.)

डेक्लन : पण बाई, नाव सांगितल्याशिवाय मी ते टेबलातून काढू कसं?

नोलीन : आणि मी घेऊ कसं? पोर गेलीय. गेलेल्या माणसाचं नाव आम्ही ओठावर आणत नाही.

डेक्लन : मग एकेक अक्षर सांगा.

नोलीन : हप्त्याहप्त्याने घेतलं तरी नावच ते.

डेक्लन : तुम्ही तिच्या आई?

नोलीन : आईची बहीण. आमच्यात तीही आईच.

डेक्लन : इथे आईचा एकच रकाना आहे.

नोलीन : असेल. गरीब दिसतोय तुमचा कागद.

डेक्लन : बरं, टेबलाचा बिघाड काय?

नोलीन : बिघाड नाही रे, तेच दुखणं आहे. टेबलभर टीव्हीसारखा पडदा, चार बाजूंना चार पोरं. चौघांनी बोट टेकवल्याशिवाय पुढचं पान येत नाही. एकजुटीने शिकायचं ना! आता तिघांनी टेकवलं की ते तिला नावाने हाक मारतं. 'ये, आम्ही थांबलोय.' इतकं गोड, की पोरं बाहेर पळाली. गेलेल्या जिवाला वाट मोकळी व्हावी म्हणून खोलीत धूर फिरवला, टेबलावर घोंगडी टाकली. घोंगडीखालूनही हाका चालूच.

डेक्लन : बंद करून पाहिलंत?

नोलीन : सकाळी आपलं आपण उठतं. या शाळेत वेळेवर येणारं तेवढंच. उद्या माझी बहीण धाकट्याला सोडायला येईल. तिच्या कानावर पडलं तर?

डेक्लन : ...उरलेल्या तिघांची नावं चालतील?

नोलीन : जेथ्रो, शनेल, क्लिफर्ड.

डेक्लन : म्हणजे राहिली ती—

नोलीन : पोरा, नको!

डेक्लन : चुकलो, बाई. पण काढण्याआधी नाव पुन्हा वाचायचा नियम आहे. आपलं बोलणं नोंदवलं जातंय.

नोलीन : नियम तुझा. वाच बाबा.

डेक्लन : वाचलं.

नोलीन : मला नाही ऐकू आलं.

डेक्लन : मनात वाचलं. ऐकू जायलाच हवं, असं नियमात कुठे नाही. काढा घोंगडी. आता तीन बोटं पुरतील.

नोलीन : ए, दारात काय उभे? या. टेकवा बोटं. क्लिफर्ड, तूसुद्धा... आलं रे पुढचं पान.

डेक्लन : आणि हाक?

नोलीन : नाही मारली.

डेक्लन : मग झालं ना काम? बाई? रडताय का?

नोलीन : झालं. भलं होवो तुझं. अख्ख्या वस्तीत तिला नावाने हाक मारणारं ते टेबल तेवढं एकच उरलं होतं.