पितळी पट्टी

ठाण्याच्या कचेरीत वाहननोंदणीची रांग अर्धा तास हलेना. आनंद वैतागला होता. त्याच्या पुढ्यात डोंबिवलीचे श्रीपादराव आणि त्यांना शर्यतीची जुनी गाडी विकणारा मिठागरवाला राघोशेठ यांची जुंपली होती.

“ही माझी तिसरी खेप, राघोशेठ! गाडीचा चासी नंबर सांगितल्याशिवाय जुनं दप्तर उघडत नाहीत. तुम्हाला गाडी देणाऱ्या साहेबाच्या आधीचा मालक कोण, मूळ इंजिन कुठलं, काही कळायला मार्ग नाही. सुटे भाग मागवू कसे?”

“नंबर व्हता की. पितलेच्या पट्टीवर. सायब मुलूख सोडून गेला तवा त्यानंच दावलेला.”

“ती पट्टी आरशासारखी गुळगुळीत आहे!”

“आसंलच. आमची घरवाली गोदा दर अमाशेला घासायची ना, चिंच नि राखेनं. दसऱ्याला तर दुपारभर.”

“दर अमावास्येला?”

“धा वर्सं. गाडीची पूजा नको व्हय? हार काय कालपट पट्टीला घालायचा?”

“अहो, पण आकडे पुसट होत चाललेत, हे दिसलं नाही त्यांना?”

“दिसलं ना. खूश झाली. म्हनाली, आता कुठं मल सुटाया लागलाय.”