झाकणाच्या आतलं नाव

मुलगी : थापा मारू नका बाबा. आतलं अक्षर तुमचंच आहे.

बाबा : अगं, घड्याळ साफ केलं की झाकणाच्या आत तारीख कोरून ठेवतो आम्ही. धंद्याची रीत आहे.

मुलगी : आणि तारखेशेजारी बाईचं नाव? हदस्सा. एकोणीस वेळा! तेही आईच्या मनगटावरच्या घड्याळात!

बाबा : हळू बोल. ती आत आहे.

मुलगी : का? तिला कळेल म्हणून?

बाबा : तुला उघडायला कुणी सांगितलं होतं?

मुलगी : आईनंच दिलं. बंद पडलंय, बाबांना कशाला त्रास, तूच बघ, म्हणाली. बिचारी!

बाबा : तिनं पाहिलं आत?

मुलगी : नाही. पण तुमचा चेहरा बघा कसा पडला! मी शोधलंय ते नाव. हिब्रू आहे. एका पुरातन राणीचं माहेरचं नाव. दरबारात ती दुसऱ्याच नावानं राहिली. आणि अर्थ सांगू? एक झुडूप. बारमाही हिरवं, पांढरी फुलं, पान चुरडलं की सुगंध. कुठे पाहिलंय बरं आपण?

बाबा : पुरे.

मुलगी : दुकानाच्या खिडकीत! त्या कुंडीला आम्हाला बोटही लावू देत नाही तुम्ही. कोण आहे ही बया?

बाबा : चार वर्षं तिच्या मागे होतो मी.

मुलगी : वर तोंड करून सांगताय!

बाबा : लग्नही केलं. तिच्या माणसांनी दार लावून घेतलं, ते कायमचं. इकडे तुझी आजी म्हणाली, हे नाव माझ्या जिभेवर बसत नाही, उद्यापासून दुसरं.

मुलगी : थांबा. म्हणजे... आई?

बाबा : त्या राणीनं नाव लपवलं ते जिवाच्या भीतीनं. तुझ्या आईचं नाव गेलं, कारण मी मान खाली घालून बसलो. मग घड्याळ हातात आलं की आत कोरत राहिलो.

मुलगी : आजीला जाऊन बारा वर्षं झाली. एकदाही हाक मारावीशी वाटली नाही?

बाबा : कोणत्या तोंडानं मारू?

मुलगी : आणि मी तुमच्यावर नाही नाही तो आळ घेतला.

बाबा : आळ सोसवत होता गं. खरं नाही सोसवत.

मुलगी : मारा आता हाक. नाहीतर मी मारते.

बाबा : (घसा खाकरून, आतल्या खोलीकडे) हदस्सा...

आई : आले, आले! कोण आलंय हो माझ्या माहेरचं?