रायपूरला तार

— न्हाई म्हंजी न्हाई! सांगा त्या आप्पासाहेबाला, सरपंच झाला म्हनून बायामान्सं वाटून दिऊ नगं म्हनावं. माझ्या तोंडावर म्हनतो, "मच्छिंद्रा, लडाई संपली, त्यो मुलूख सुटला, तिचा दादला आसला तरी तिकडं बंगालात गेला. आता रविवारी पाट लागायचा म्हंजी लागायचा, गावाची शोभा करू नगंस." लागायचा म्हंजी लागायचा! तुझ्या बहिनीचा लाव की! — बसतो, गुरुजी, बसतो. आरडत न्हाई मी, माझा आवाजच तसाय. पोरं गेली का घरला? बरं झालं. दार लोटून घ्या. पानी नगं. ऐका आधी.

त्या बाईला हितं आनली कुनी? मीच. दिवाळीच्या तोंडाला कोपरगाव टेसनावर गेल्तो, इंजनाचा पट्टा पार्सलनं आला हुता त्यो सोडवायला. नळापाशी ही बसल्याली. छगन हमाल म्हनला, "दोन दिस झालं हितंच हाय, बोली कुनाला उमगंना." मंग काय टाकून यायची? बैलगाडीत बसवली, आईच्या पुढ्यात आनून उभी केली. आईनं माझ्या, मालनबाईनं, तिला लुगडं दिलं, भाकरी दिली — भाकरी बघून बाई रडायला लागली! तिला भात पाहिजे. आमच्यात भात सनासुदीला. तरी आईनं अकोल्याच्या पावन्याकडनं तांदूळ मागवला, तिच्यापायी. वंगाळ वागलो का आमी? सांगा की. न्हाई ना? मंग झालं तर.

पर आता तुमीच बघा — गळ्यात डोरलं न्हाई, पायात जोडवी न्हाई, कपाळ मोकळं, आन् हातात हाडावानी पांढऱ्या दोन बांगड्या. मानसानं काय समजायचं? रंडकी बाई! समद्या आळीनं तेच धरलं. तरनी हाय, कामाला वाघ हाय, पुढं कोन हाय तिला? मंग आप्पासाहेबानं काढलं पाटाचं. बायको वारलेला एक बघितला, दोन वर्सं झाली त्याची चूल आईच्याच हातावर — कोन म्हंजी काय कोन? मी! माझ्याशीच, गुरुजी! दुसऱ्या कुनाशी? आसं बघू नगा माझ्याकडं. तिला इचारलं म्हनता? कसं इचारायचं, कंच्या बोलीत? मान हालवायची ती. आमी म्हनलो, लाजती.

गेल्या रविवारी लंकाबाई कासारीन आली हिरवा चुडा घिऊन. पाटाच्या बाईनं आदलं काकन ठिवायचं नसतं, त्ये तुमाला ठावं हाय. हिनं हात पाठीमागं लपवलं. लंकाबाई वढती, ही सोडंना. मंग मीच धरलं मनगट. मी धरलं. लंकाबाईनं वरवंटा घातला — एक फुटली. आन् बाई जी वरडली, गुरुजी, गोठ्यातली जनावरं उठून उभी ऱ्हायली. दुसरी बांगडी छातीशी धरून कोपऱ्यात बसली ती दुसऱ्या दिसापतूर उठली न्हाई.

सोमवारी कानिफनाथ आला. माझा चुलतभाऊ, फौजेतला, तिकडच्याच लडाईतनं सुटीवर. त्यानं हात बघितला न् म्हनला, "कुनी फोडली ही? शंखाची हाय. तिकडं हेच डोरलं. नवरा जित्ता हाय तवरच घालत्यात. तू एका सवाशिनीचं डोरलं तोडलंस, मच्छिंद्रा." त्याला मोडकं मोडकं येतं त्यांचं. त्यो बोलला, आन् बाई थांबंचना! चार म्हयन्यांत पयल्यांदा तिच्याशी कुनी बोललं. शेफाली नाव हाय तिचं. आमी नुस्तं "ए बाय, ए बाय" करत हुतो.

काय सांगितलं म्हनता? तुमालाच सांगायचं हाय त्ये. तिचा सासरा मास्तर हुता. तुमच्यावानीच, गावातल्या शाळंत. पाकिस्तानचे लष्करवाले आले ते यादी घिऊन — यादी, गुरुजी! कोन कुठं ऱ्हातो, कोन काय शिकवतो, समदं लिव्हल्यालं. शाळंच्या पायरीवर म्हाताऱ्याला उभा केला आन् घातली गोळी. घरं पेटवली. तेरा दिस चालली ही. दीड वर्साची लेक वाटंत पटकीनं गेली, पुरायलाबी थांबता आलं न्हाई. मंग आपल्या सरकारनं गाडीत घातलं, रायपूरच्या निर्वासितांच्या छावनीला. मधल्या कुठल्याशा टेसनावर नवरा उतरला पानी आनायला, ही उतरली त्याला बघायला, न् त्या रेट्यात चढली दुसऱ्याच गाडीत. त्यो तिथं असंल, छावनीत, वाट बघत. आन् छावनी ह्या म्हयन्याच्या अखेरीला रिकामी करत्यात. एकदा का त्यो तिकडं परत गेला, मंग कुठं घालायची तार?

कानिफनाथानं का न्हाई लिव्हली? लिव्हनारच हुता. मी म्हनलो, उद्या लिहू. मंगळवारी त्यालाच पलटनीची तार आली, गेला माघारी. व्हय, आज शुक्रवार हाय. मला वार कळत्यात! चार दिस काय केलं म्हनता? ऊस तोडला. बांधावर बसून ऱ्हायलो. आई म्हनली, "नगं लिहूस रं, आलेली लक्ष्मी जाईल." आन् ही उंबऱ्याशी बसून रस्त्याकडं बघती, तर आई म्हनली कडी लाव. लावली मी. भाईरनं. बोला की! तिकडं त्या हरामखोरांनी — आन् हितं मी. म्हना, भडव्या म्हना. 

आन् हा कागद, गाडीत बसवताना सरकारनं दिल्याला. पयल्याच दिवशी दाखवला हुता तिनं, पदराच्या गाठीतनं सोडून. मला सही येती फकस्त, वाचता कुठं येतं? इसरलो तुमच्याकडं आनायचा. — इसरलो न्हाई, गुरुजी. फडताळात ठिवला हुता.

काय? आप्पासाहेब बदली करील? करू द्या की! पोस्टबी तुमच्याकडंच हाय ना हितलं? दिसभर कार्डावर ते निर्वासितांचं पाच पैशाचं तिकीट चिकटवता, त्यावरची बाई दिसती न्हवं तुमाला? माझ्या घरातली न्हाई दिसत? कोपरगावला तारहापिसात मी जातो सायकलीनं. कडी काढून आलोय, आता माघारी लावायची न्हाई मला. तुमी नुस्ता मजकूर काढा, विंग्रजीत. नवऱ्याचं नाव गौरांग मंडल. ती कानिफनाथाला म्हनली, छावनीचा लंबर हितं खाली हाय, शाईनं. लिव्हा — शेफाली जित्ती हाय, लगोलग ये.

तोंडाकडं काय बघता माझ्या? टाक उचला. लिव्हा.