अर्ध्या चाळणीचे बुडबुडे

...आणि एकानं, एकानं म्हणून विश्वास ठेवला नाही हो माझ्यावर! तुम्हाला सांगते, अकरा वर्षं मी कारखान्यातल्या त्या टाकीभोवती झाडू मारतेय. तीन मजले उंच टाकी, आत पाणी, पाण्यात काळी पूड, आणि तळाच्या चाळणीतून वर वायू सोडायचा. मग बुडबुडे कसे हवेत? मोहरीएवढे! सगळीकडून सारखे, पुडीला खेळवत, रमतगमत वर. सोमवारी काच पुसायला गेले तर बघते काय... एका अंगानं कलिंगडाएवढे गोळे भडाभडा वर पळतायत, दुसऱ्या अंगाला पूड तळाशी बसलेली! असा पळता बुडबुडा पुडीत मिसळून माल कधी बनवणार, सांगा बरं?

साहेबांना म्हटलं, "अर्धी चाळणी बुजलीय." साहेब म्हणतात, "मावशी, तुम्ही काच पुसा." आणि आमचे हे, तिथलेच फिटर, आदल्याच आठवड्यात चाळणी बसवलेली, ते तर फिदीफिदी हसले. "चौथी शिकलीस, तुला काय कळतं बुडबुड्यांतलं?" म्हटलं, माणूस थापा मारतो, बुडबुडा मारत नाही!

तीन दिवस माल बिघडला. खापर कुणावर? वायू कमीजास्त करायची चावी सांभाळणाऱ्या माझ्या धाकट्या जावेवर! "वायू जास्त सोडलात, उद्यापासून येऊ नका." ती बिचारी चावीला धरून हुंदके देतेय... माझं डोकंच फिरलं! "अहो साहेब, वायू निम्मा करा, आणि बघा तरी!" केला निम्मा. गोळे त्याच अंगानं, पूड आणखीच खाली! म्हणजे दोष वायूचा नाही, चाळणीचाच! साहेबांचा चेहरा बघायला हवा होता. माणूस थापा मारतो, बुडबुडा नाही!

टाकी रिकामी केली, चाळणी काढली. तर खालून चिकटलेलं फडकं, पिवळ्या फुलांचं... माझ्याच घरातल्या जुन्या पडद्याचं! हात पुसायला मीच फाडून दिलेलं. कुणाला, ते आता मी सांगू?

जाऊ रडता रडता हसायला लागली, चावी पुन्हा तिच्या हातात. साहेबांनी कागद सरकवला. "मावशी, चूक कोणाची, तुम्हीच लिहा." आता संसार तर त्याच माणसाशी करायचाय ना! म्हणून गुपचूप एवढंच लिहिलं, फिटर. तर जाऊ मागून डोकावते, "ताई, फिटर दोन आहेत, नीट लिहा." काय करता? चौथीच्या मोठ्ठ्या गोल अक्षरात पुढे लिहिलं... आमचे हे.