पनवेलनंतर थेट पेण

मुलांनो, समजा तुम्ही पनवेलमध्ये दातांच्या दवाखान्यात बसला आहात. शेजारी ऋचा आणि तिचे आजोबा. ऋचाच्या मांडीवर घरात कायमची मांडायच्या छोट्या रेल्वेचा नकाशा.

“आबा, लहान मापाचीच गाडी घेऊ. टेबलावर पनवेल, रसायनी, आपटा, पेण, सगळी स्टेशनं मावतील.”

“आणि मोठ्या मापाची घेतली तर?”

“दोनच मावतील! एकदा रूळ ठोकले की संपलं.”

“मग लहानच घे. डबे मात्र तूच रुळांवर ठेव. माझे हात थरथरतात गं, एवढीशी चाकं मला बसवता यायची नाहीत.”

“मग तुम्ही काय करणार?”

“मी शिट्टी वाजवीन की! आज कवळी बसू दे फक्त.”

ऋचाने खोडरबर काढला आणि नकाशावरचं रसायनी पुसलं. मग आपटाही पुसलं.