इंजिनाचा मान

माझ्या साखरपुड्याला मीच पोचत नव्हतो, सांगतो ऐका. येळ्ळूरहून निपाणीला निघालो आणि संकेश्वरजवळ गाडी आचके द्यायला लागली. तिकडून होणाऱ्या सासऱ्यांचे फोनवर फोन.

रस्त्याकडच्या गॅरेजातल्या मिस्त्रीनं इंजिन चालू ठेवून, प्लगला ठिणगी देणाऱ्या एकेका कॉइलची पिन काढून बघितली. बाकीच्यांना आवाज बदलला, शेवटच्याला काहीच फरक न्हाय. "हाच सिलिंडर बंद हाय," म्हणाला. कॉइल उपसली, तर खाली प्लगच्या खड्ड्यात पाणी! त्यानं बोट बुडवून वास घेतला.

"अण्णा, इंजिनवर नारळपाणी कोण वतलं?"

मी आप्पांकडं, म्हणजे वडिलांकडं बघितलं. निघताना नारळ त्यांनीच फोडलेला.

"मीच वतलं," आप्पा ताठ मानेनं म्हणाले. "सगळी चाकापुढं फोडत्यात. पण राबतंय कोण? इंजिन. मग मान कुणाला पायजे?"

मिस्त्रीनं हवा मारून खड्डा वाळवला, प्लग पुसून बसवला, गाडी एका सुरात चालायला लागली. आप्पा लई खूश! पिशवीतनं दुसरा नारळ काढून म्हणाले, "चला, आता ह्यो फोडूया."

मिस्त्रीनं आधी खाडकन बॉनेट पाडलं, त्यावर चढून बसला आणि मग म्हणाला, "हं, फोडा आता."